गव्हाच्या बुडाशी

कडीना, ९ फेब्रुवारी २०१४

रीस,

तुझा पत्ता तुझ्या बहिणीकडून काढला. तिला बोलू नकोस. मी पोर्ट पिरीला तिच्या दुकानात जाऊन बसले आणि पत्ता मिळेपर्यंत उठणार नाही म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "मिसेस पी, तो कोणालाच उत्तर देत नाही. आईलासुद्धा नाही." मी म्हटलं, "मला मातीबद्दल विचारायचंय. मातीबद्दल बोलायला कोणाचं काय जातंय?" मग तिने लिहून दिला. टास्मानियात सफरचंदांच्या बागेत कामाला आहेस म्हणे. बरं आहे.

घाबरून पत्र टाकून देऊ नकोस. तुला वाटतंय ते मी विचारणार नाही. ते तू सांगून झालंयस. आमच्या ट्रिस्टनला पुरलं त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजला टेकून तू म्हणालास, "त्याला काही कळलंच नाही, मिसेस पी. एका क्षणात झालं." मी तुला खिमा भरलेली पेस्टी दिली. तू ती हातात घेऊन उभा राहिलास आणि न खाता ओट्यावर ठेवून गेलास. त्यानंतर फोन नाही, नाताळचं कार्ड नाही. मर्विन म्हणतो, पोरगं आपल्याला टाळतंय. मी म्हणते, टाळू दे, त्याने एकच वाक्य दिलं पण कामाचं दिलं. त्या वाक्यावर आम्ही एवढी वर्षं काढली.

तर माती. मर्विन टेबलावर मावणारे छोटे सैनिकी देखावे करतो हे तुला ठाऊक आहे. ट्रिस त्यावरून तुमच्यात किती थट्टा करायचा, तेही मला ठाऊक आहे. तुमची ती चिलखती गाडी मर्विनने खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याच्या मापात पूर्ण केली, अगदी आरशाला बांधलेल्या तुमच्या मळक्या फडक्यासकट. मग त्याचे हात गेले. कंपवात. आता आमच्या घरात चहाचा कप अर्धाच भरायचा असतो. गाडी कपाटावर धूळ खात होती, कारण खाली जमीन नाही. न बघितलेली जमीन मर्विन करत नाही. जन्मभर ॲडलेडच्या प्रदर्शनात परीक्षक होता, आणि ज्याने जमीन अंदाजपंचे केली त्याला तो फाडून खायचा. "रणगाडा काय, कोणीही चिकटवतो," म्हणायचा, "हे गवत कुठलं ते सांग आधी."

म्हणून जमीन मी करणार आहे. हात माझे, तोंड त्याचं.

ट्रिसच्या सामानातून आलेल्या फोटोत अफगाणिस्तानात उरुझगानला ते जिथे झालं, त्याच शेताच्या बांधापाशी तुमची गाडी उभी आहे. पण फोटोतल्या रंगावर माझा विश्वास नाही. मला तिथल्या मातीचा खरा रंग सांग. एवढंच.

आणखी एक, ते आत्ता नाही, पण डोक्यात असू दे. मर्विनने ट्रिसची आकृती केली आहे, बोटाएवढी. हातात पत्र्याचा मग, चाकाला टेकून उभा. त्याला ती गाडीपाशी ठेवायची आहे. मला ती बघवत नाही. बसची वाट बघत असल्यासारखा दिसतो. त्याला कुठे ठेवायचं, हे ठरल्याशिवाय हा देखावा पुरा होणार नाही, आणि ते मला ठरवता येत नाही.

ग्लेनिस पॅस्को


कडीना, १६ मार्च

रीस,

उत्तर नाही. ठीक आहे. मी तोवर काय केलं ते सांगते.

थर्माकोलचे थर चिकटवून बांध आणि पाटाचं पाणी जायची चर कोरली. त्यावर प्लास्टर. मग परसातली माती आणली, चाळली, माझ्या जुन्या पायमोज्यातून गाळली आणि ओव्हनमध्ये भाजली. माती भाजावी लागते, तुला माहीत असायचं कारण नाही. नाही भाजली तर त्यात किडे असतात, बी असतं, आणि महिन्याभरात देखाव्याला बुरशी धरते. मी केकच्या ट्रेमध्ये पसरून भाजली, वरच्या कप्प्यात संध्याकाळच्या पेस्टी होत्या. मर्विन म्हणाला, "आज जेवायला रणांगण आहे का?"

मग पसरली आणि गोंदाचं पाणी सोडलं. सगळ्या गोंदाचे थेंब होऊन मातीवर गोळ्यांसारखे गडगडले, आत एक जिरेना. हा खुर्चीत बसून बघतोय. म्हणाला, "भांड्याच्या साबणाचा थेंब घातलास?"

"तू सांगितलंस का?"

"ते पहिल्या दिवशी शाळेतल्या पोरांना सांगतात."

"मग शाळेतली पोरं आण आणि त्यांच्याकडून करून घे."

साबणाचा थेंब घातला, जिरलं. दोन दिवसांनी वाळलं तेव्हा त्याला मी हात धरून टेबलापाशी आणलं. बघत राहिला. मला वाटलं, बरं म्हणेल. म्हणाला, "ग्लेनिस, हे अफगाणिस्तान नाही. ही आपल्या कपड्यांच्या दोरीखालची माती आहे."

"चाळल्यावर कोणाला कळतंय?"

"मला कळतंय."

"तुला सगळंच कळतं. म्हणून क्लबात कोणी तुझ्या शेजारी बसत नाही."

पण खरं होतं. लाल झाली होती. सगळी खरवडून काढली.

पत्रासोबत जाड कागद आहे. त्यावर मी मातीच्या रंगाचे पट्टे ओढले आहेत, फिक्यापासून गडदपर्यंत. जो जवळचा असेल त्यावर फुली मार आणि सोबतच्या पाकिटात घालून टाक. तिकीट लावलं आहे. एक शब्द लिहू नकोस.

डॉक्टरीणबाई मला दर वेळी विचारतात, काय वाटतं? काही नाही वाटत. दाढ काढताना इंजेक्शन देतात ना, गाल आपला नसल्यासारखा होतो, तसं. तेव्हापासून ते उतरलेलंच नाही. त्याची तक्रार नाही माझी. काम होतं त्यातही.

ग्लेनिस


कडीना, २७ एप्रिल

रीस,

कागद पोचला. आभार.

तिसऱ्या आणि चौथ्या पट्ट्याच्या मधल्या रेघेवर फुली. आणि खाली तू लिहिलंस, नको म्हटलं तरी: "वरून सुकलेली. बोटाने उकरलं की आत ओली, काळी. पाणी सोडलेलं होतं."

मर्विनला वाचून दाखवलं तर खुर्चीत सरळ बसला. म्हणाला, "पोराने बघून सांगितलंय. अंदाजाने नाही." त्याच्याकडून ही मोठी शाबासकी. मलासुद्धा लग्नात एवढी मिळाली नव्हती.

वॉलरूच्या किनाऱ्याची वाळू, फायरप्लेसमधली राख आणि थोडी कॉफीची पूड, असं मिसळून तुझा रंग जमला. आधी काळपट थर दिला, त्यावर फिका भुरभुरला, आणि बांधाच्या कडेला काडीने उकरून खालचा काळा दाखवला. मर्विन त्याकडेच बघत असतो.

परवा अँझॅक डेला पहाटे सैनिकांच्या स्मारकापाशी गेलो. नेहमीसारखंच. लोक माझा हात दोन्ही हातांत धरतात आणि सोडतच नाहीत. थंडीत मला हातमोजे घालायचे असतात. यंदा एका बाईने विचारलं, हल्ली काय करता? मी म्हटलं, शेत. ती म्हणाली, वा, कुठे? मी म्हटलं, जेवायच्या टेबलावर. ती सरकली.

आता पुढचं. बांधापलीकडे गहू होता, तेवढं फोटोत दिसतं. फोटो लांबून काढलाय, नुसता हिरवा पट्टा. केवढा होता? ओंबी धरली होती का? मधे काय होतं? मी गव्हातच वाढले, बाबांचं शेत इथून हाकेवर होतं, पण प्रत्येक गव्हाची तऱ्हा वेगळी असते. घाई नाही. आमच्याकडे पेरण्या आता सुरू होतील.

ग्लेनिस


कडीना, ८ जून

रीस,

तुझं पत्र आलं. दोन पानं. मला वाटलं होतं दोन ओळी येतील.

गहू मी काथ्याचा केला. दाराबाहेरचं पायपुसणं घेतलं, तेच, ज्यावर बूट पुसल्याशिवाय मी तुम्हा दोघांना आत येऊ दिलं नव्हतं. कात्रीने त्याच्या जुड्या काढल्या, हिरव्या रंगात बुडवून वर्तमानपत्रावर वाळवल्या आणि चिमट्याने एकेक झुबका गोंदात उभा केला. बांधावरचं बारीक गवत मात्र मर्विनच्या यंत्राने. डास मारायच्या बॅटला चहाची गाळणी जोडून त्याने ते केलंय. गाळणीत गवताचे तंतू भरून वरून हलवायचे, ओल्या गोंदावर सगळे ताठ उभे राहतात. पहिल्यांदा मला झटका बसला. मर्विन खुर्चीतून म्हणाला, "चालू आहे वाटतं." मी त्याला काय म्हणाले ते पत्रात लिहीत नाही.

तू लिहिलंस तसंच सगळं केलंय. कंबरेला लागेल एवढा. ओंबी नुकतीच बाहेर पडलेली, मऊ. वरून हिरवागार, पण बुडाशी प्रत्येक काडीचं शेवटचं पान पिवळं, मातीला टेकलेलं. काडीवर चढणारी वेल, बाणाच्या टोकासारखं पान, पांढरट गुलाबी फूल भोंग्यासारखं, दुपारी मिटतं. त्या वेलीवरून मुंग्या वर जातात, खाली येत नाहीत. बांधाच्या कोपऱ्यात छाटलेल्या तुतीचा बुंधा, त्याच्या सालीत एक उभी फट.

वेलीचं नाव तुला ठाऊक नाही, म्हणालास. हरणखुरी. आमच्याकडेही आहे, नको तेवढी आहे. मुळं सोडली की दुप्पट येते. शाळेच्या सुट्टीत ट्रिसला मी आजोबांच्या शेतात ती उपटायला पाठवायचे. शिव्या घालत उपटायचा, मला ऐकू येतील एवढ्या मोठ्याने. देखाव्यात मी ती तांब्याच्या बारीक तारेची केली, पानं कागदाची. मुंग्या केल्या नाहीत. या मापात मुंगी होत नाही. मिऱ्याची पूड टाकून बघितली, मर्विन शिंकला आणि अर्धा बांध उडाला.

पिवळी पानं करायला फार वेळ गेला. उभं राहून बघितलं तर दिसतच नाहीत, नुसता वरचा हिरवा. बसून बघितलं, तरी नाही. शेवटी मी गाल टेबलाला टेकवला आणि एक डोळा मिटला. तेव्हा दिसली.

तशीच बराच वेळ राहिले. मान अवघडली.

रीस, मी गव्हातली आहे. गाडीतून जाताना गव्हाच्या फक्त ओंब्या दिसतात. चालत गेलं तर वारा दिसतो. बुडाचं पान कोणी बघत नाही, शेतकरीसुद्धा खाली वाकून फाकवून बघतो तेव्हाच दिसतं. आणि फूल दुपारी मिटतं, हे कळायला ते उघडं असताना तिथे असावं लागतं आणि मिटेपर्यंतही तिथेच असावं लागतं.

मी काही विचारत नाहीये. तू सांगितलेलं बरोबर जमलंय, एवढंच कळवायचं होतं. मर्विनला तुझं पत्र अजून दाखवलेलं नाही. गहू झाकून ठेवलाय.

ग्लेनिस


कडीना, २२ जून

रीस,

झाकून किती दिवस ठेवणार? त्याने कापड काढलं. मी दुकानात गेले होते. परत आले तर हा टेबलाशी, एका हाताने कड घट्ट धरलेली, दुसऱ्या हातात त्याची परीक्षकाची विजेरी. ती थरथरतेय, त्यामुळे गव्हात सगळीकडे उजेड हलतोय. मी म्हटलं, "पडशील."

"ग्लेन, ही पिवळी पानं कोणी सांगितली?"

"रीसने."

"आणि ही वेल?"

"त्यानेच."

विजेरी बंद केली. मी पिशव्या ओट्यावर ठेवल्या, दूध फ्रिजमध्ये ठेवलं. तो म्हणाला, "गाडीतून हे दिसत नाही."

"नाही."

"उभं राहून पण नाही."

"माहीत आहे मला, मर्विन."

मी किटली लावली. पाणी उकळून किटली आपोआप बंद झाली तरी कोणी उठलं नाही. मग तो म्हणाला, "एका क्षणात नाही झालं." मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "पोराने आपल्यासाठी खोटं सांगितलं." मी म्हटलं, "हो. आणि मग तोंड दाखवायची सोय राहिली नाही त्याला."

तुला वाटत असेल आम्ही रडलो. नाही. मर्विनने गाडीपाशी चिकटवलेली ती मगवाली आकृती ओढून काढली. बूट तिथेच राहिले, पाय तुटले. म्हणाला, "हा इथे नव्हताच." मग मला म्हणाला, "त्याला विचार." मी म्हटलं, "मी त्याला शब्द दिलाय, विचारणार नाही म्हणून." तो म्हणाला, "मग जमिनीबद्दल विचार. जमिनीबद्दल तो बोलतो."

म्हणून सोबत शेताचा नकाशा आहे, वरून बघितल्यासारखा. बांध, चर, तुतीचा बुंधा, गहू. ट्रिस कुठे होता तिथे एक फुली मार. तू कुठे होतास तिथे दुसरी. आणि बाजूला बाण काढ, तोंड कुठे होतं. पत्र नको लिहूस.

आम्ही रागावलेलो नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण तू त्या फ्रिजपाशी उभा राहिल्यापासून तेच धरून बसला असशील. खोटं बोललास, चांगलं केलंस. तेव्हा मला तेच हवं होतं. आता मला माझा मुलगा त्याच्या जागी ठेवायचाय.

ग्लेनिस


कडीना, २७ जुलै

रीस,

नकाशा आला.

दोन फुल्या. इतक्या जवळ की शाई एकमेकींत मिसळलीय. आधी मला एकच वाटली. मर्विनने भिंग घेऊन बघितलं आणि म्हणाला, "दोन आहेत." बाणही समोरासमोर. तुतीपासून थोडं आत.

आणि मागच्या बाजूला तुझं लिहिणं. मी ते ओट्यापाशी उभी राहून वाचलं. वरून गोळ्या चालल्या होत्या, डोकं वर काढता येत नव्हतं. तू पट्टी बांधलीस, इंजेक्शन दिलंस. हेलिकॉप्टर येईपर्यंत सकाळची दुपार झाली. त्याला फार दुखत नव्हतं, असं तू म्हणतोस. ते मी अर्धं धरते. तो बोलत होता. त्याच्या नाकासमोर ती वेल होती आणि तो तुला म्हणाला, "हॅली, ही बघ. आईने बघितली असती ना, तर म्हणाली असती, लोळत पडलायस तर उपट तेवढी."

मी हसले. खोटं नाही सांगत. मोठ्याने, एकटीच, ओट्यापाशी. मर्विन धावत आला, म्हणजे त्याला धावता येत नाही, पण आला. घाबरला होता. मी कागद त्याच्या हातात दिला. त्याच्या हातात कागद एवढा हलत होता की त्याला वाचता येईना, म्हणून मी वाचून दाखवायला गेले, आणि 'लोळत पडलायस'पाशी माझा आवाज गेला. तोपर्यंत मला माहीतच नव्हतं की अजून जातो म्हणून. मग इंजेक्शन उतरल्यावर दुखतं तसं सगळं दुखलं. दोन दिवस. आता पुन्हा बधिर आहे, पण मधे एकदा उतरलं होतं, हे तुला सांगितलं पाहिजे.

मी खरंच तसंच म्हणाले असते.

त्यानंतर कामाला लागलो. मगवाला ट्रिस गुडघ्यात आणि कंबरेत कापला, गरम पाण्यात धरून वाकवला, फटी भरल्या. हातातला पत्र्याचा मग काढून टाकला. मर्विन म्हणाला, चेहरा मी रंगवणार. मी म्हटलं, त्याला डोळा करशील तर बटाटा होईल. पण सकाळची गोळी लागू होते तेव्हा थोडा वेळ त्याचे हात निवांत असतात. तेवढ्यात करायचं आणि ब्रश खाली ठेवायचा. असे कितीतरी दिवस गेले. दुसरी आकृती तुझी. तुझ्या हेल्मेटच्या कापडाला उजवीकडे फाटलेलं होतं, ते फोटोत दिसतं, तसंच केलंय त्याने. तुझ्या बुटाचा तळ झिजलेला दाखवला. मी म्हटलं, हा गव्हात लपणार आहे, तळ कोण बघतंय? तो म्हणाला, "मी बघितलाय."

मग गव्हातल्या काही जुड्या उपटून जागा केली, दोघांना ठेवलं आणि जुड्या परत लावल्या. आता टेबलाशी उभं राहिलं तर गाडी दिसते, बांध दिसतो, चर दिसते, आणि हिरवा गहू. बाकी काही दिसत नाही.

मर्विनला ते प्रदर्शनात न्यायचंय. मी म्हटलं, कशाला? तो म्हणाला, "मी जन्मभर दुसऱ्यांना गुण दिले." एवढंच म्हणाला. तुझी हरकत असेल तर कळव. नसेल तर काही कळवू नकोस, त्यात तू पटाईत आहेस.

ग्लेनिस


कडीना, १४ सप्टेंबर

रीस,

तुझ्याकडून काही आलं नाही, म्हणून नेलं.

ॲडलेडला जाताना देखावा माझ्या मांडीवर, मागच्या सीटवर. मर्विनचा पुतण्या गाडी चालवत होता आणि मर्विन त्याला प्रत्येक खड्डा आधीच सांगत होता. पोहोचेपर्यंत तो पोरगा रडकुंडीला आला होता. तुतीच्या बुंध्याचा तुकडा निघाला, तो मी तिथल्या बाईंकडून गोंद घेऊन चिकटवला.

टेबलावर नाव लिहून द्यावं लागतं. मर्विनने मला विचारलं, काय लिहायचं? मी म्हटलं, 'गहू, उरुझगान.' तेवढंच लिहिलं.

लोक येत होते. गाडीचं कौतुक झालं, फडक्याचं झालं. एका बाईने विचारलं की गहू कशाचा, मी म्हटलं पायपुसण्याचा, तिने लगेच फोटो काढला. गव्हाच्या बाजूने कोणी वाकलं नाही. गाडी पुढच्या बाजूला आहे ना, लोक तिकडेच उभे राहतात.

परीक्षक तरुण होता, मर्विनने कधीकाळी त्याला पहिल्याच वर्षी नापास केलं होतं म्हणे. चांगला मुलगा आहे. वहीत वाकून वाकून लिहीत होता. संध्याकाळी शेरा आला. उत्तेजनार्थ. खाली लिहिलं होतं: "जमीन आणि पीक यांचं काम अप्रतिम, या प्रदर्शनातलं सर्वोत्तम. पण देखाव्यात माणूस नाही. एक तरी आकृती हवी होती, त्याशिवाय गोष्ट पूर्ण होत नाही."

मी मर्विनकडे बघितलं. तुला सांगते, या माणसाने अर्ध्या गुणासाठी लोकांशी आयुष्यभराची भांडणं घेतली आहेत. मला वाटलं, आता काठी आपटणार. त्याने कागद वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. तो मुलगा आला, अवघडला होता, म्हणाला, "मिस्टर पॅस्को, वाईट वाटून घेऊ नका. एखादा सैनिक उभा केला असता ना..."

मर्विन म्हणाला, "बरोबर आहे तुझं. उभा कोणीच नाही." आणि त्याच्याशी हस्तांदोलन केलं.

येताना गाडीत मी विचारलं, "सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला, "ज्याला बघायचंय तो वाकेल." मग घर येईपर्यंत झोपला.

आता देखावा पुढच्या खोलीत आहे, खिडकीपाशी. सकाळी मर्विन चहाचा अर्धा कप घेऊन तिथे बसतो. मी धूळ झटकते, मऊ ब्रशने, वरून. गहू विस्कटू देत नाही.

मी आजवर तुला काहीच कर म्हटलं नाही. आता म्हणते. ये. पेस्टी खाणार नसशील तर धरून उभा राहा, चालेल मला. बूट पुसायला पायपुसणं नाही, त्याचा गहू झाला, तसाच आत ये. खिडकीकडून नको बघूस, तिकडून नुसती गाडी दिसते. तुतीच्या बाजूला ये, गुडघ्यावर बस आणि गाल टेबलाला टेकव. थोडा वेळ लागतो, मग पिवळी पानं दिसतात, आणि मग तुम्ही दोघं दिसता. तिथे तू आहेस, रीस. तो एकटा नाहीये, हे मला त्या टेबलावर रोज दिसतं. तुलाही दिसायला हवं.

बाबांच्या शेताच्या कुंपणाला यंदा पुन्हा हरणखुरी फुटायला लागली आहे. मी रोज तिथून जाते. उपटलेली नाही.

ग्लेनिस